जलरंगाचं चित्र बिघडतं कुठे? कागदापासून दुरुस्तीपर्यंतचा क्रम

नव्याने जलरंग हाती घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आकाशात पट्टे उमटले. हिरवा मळकट झाला. ओला असताना छान दिसणारा निळा वाळल्यावर फिका पडला. नको तिथे डाग फुलला. आणि या सगळ्यांवर विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : कोणता रंग घ्यायला हवा होता? रंग बहुतेक वेळा बरोबरच घेतलेला असतो. चुकलेलं असतं पाणी. ब्रशमध्ये किती, पॅलेटवर किती आणि त्या क्षणी कागदावर किती, या तिन्हींचा मेळ बसला नाही की चित्र हाताबाहेर जातं.

आपल्याकडे बऱ्याच जणांची रंगांशी ओळख शाळेत, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत, पोस्टर कलरपासून होते. पोस्टर कलर अपारदर्शक. चुकलं तर वरून दुसरा थर द्यायचा, उजेड हवा तर पांढरा मिसळायचा. ही सवय पारदर्शक जलरंगात नडते. इथे उजेड कागदाचाच असतो, थर फिक्याकडून गडदाकडे चढत जातात आणि गडदावर फिका बसत नाही. म्हणून पांढऱ्या रंगाची ट्यूब सुरुवातीला डब्यातून काढूनच ठेवा.

खालचा क्रम एका साध्या चित्रावर बसवला आहे : वर आकाश, मागे डोंगर, मधे झाडी, पुढे पांढऱ्या भिंतीचं कौलारू घर. यात नवशिक्यांच्या जवळजवळ सगळ्या अडचणी येऊन जातात.

१. कागद : इथे काटकसर करू नका

पैसे कमी असतील तर रंग स्टुडंट ग्रेडचे घ्या, ब्रश सिंथेटिक घ्या, पण कागद चांगला घ्या. चित्रकलेच्या वहीच्या कागदावर जलरंगाचा सराव केला तर हाताला चुकीचं वळण लागतं. तो कागद पाणी लगेच पितो, फुगतो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की त्याचे तंतू सुटतात. मग आपण पाणी कमी वापरायला लागतो आणि तिथून पुढे सगळंच कोरडं, घासलेलं होत जातं.

३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरबरीत पृष्ठभागाचा कागद घ्या. शंभर टक्के कॉटन परवडला तर उत्तमच, कारण तो जास्त वेळ ओला राहतो आणि रंग उचलणंही सोसतो. २२ × ३० इंचांची मोठी शीट घेऊन तिचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचे कागद मिळतात. पॅडपेक्षा हे सहसा स्वस्त पडतं.

कागदाला कारखान्यात एक खळ दिलेली असते, तिला सायझिंग म्हणतात. तिच्यामुळे रंग वरच्या वर थांबतो. हातकागद सुंदर दिसतो, पण प्रत्येक हातकागदाला ही खळ पुरेशी नसते. लग्नपत्रिकेचा हातकागद आणून त्यावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा सलग थर, द्यायला जाऊ नका.

*तपासा :* कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब वर टिकून राहिला तर कागद चालेल. लगेच आत शिरून गडद डाग पडला तर खळ कमी आहे किंवा मेली आहे. पावसाळ्यात उघडा राहिलेल्या कागदाचं असंच होतं. वॉश दिल्यावर त्यात जागोजागी गडद ठिपके उमटतात आणि त्यावर कुठलाही उपाय चालत नाही. कोकण-मुंबईकडे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवा.

कागद बोर्डावर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. २०० जीएसएमचा कागद वापरणार असाल तर तो ताणून घ्यावा लागतो : काही मिनिटं पाण्यात भिजवायचा, बोर्डावर आडवा ठेवायचा, पाण्याने चिकटणाऱ्या तपकिरी कागदी टेपने कडा बांधायच्या आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो आखडतो आणि ताठ बसतो.

२. टेबल : ब्रश उचलण्याआधी

वॉश सुरू झाल्यावर उठायला वेळ मिळत नाही, म्हणून सगळं हाताशी हवं.

पाण्याची दोन भांडी ठेवा. एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. एकाच भांड्यात सगळं केलं की दहा मिनिटांत ते पाणी करडं होतं आणि तोच करडेपणा तुमच्या पिवळ्यात उतरतो. मळकट रंगाच्या निम्म्या तक्रारी मला वाटतं या एका भांड्यापाशी सुटतील.

जुनं सुती फडकं डाव्या हातात राहू द्या (डावखुरे असाल तर उजव्या). ब्रश भांड्यातून निघाला की आधी फडक्याला टेकेल, मग कागदाकडे जाईल. ही हालचाल अंगवळणी पडली की पाण्यावर ताबा येतो.

ब्रश तीन पुरेत : १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि इंचभर रुंदीचा सपाट. शून्य आणि एक नंबरचे बारीक ब्रश काढून ठेवा. ते हातात असले की माणूस आकाशसुद्धा त्यानेच रंगवायला लागतो. मग पट्टे पडणारच.

रंग सहा : लेमन यलो, यलो ओकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). सातवा हवा असेल तर प्रशियन ब्लू. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो गडद होतो तो काळ्यापेक्षा जिवंत असतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवली की उबदार.

३. रंग आधी कालवून ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. पॅलेटवर चिमूटभर रंग कालवायचा, आकाश अर्ध्यावर आल्यावर तो संपायचा, मग घाईने नवा कालवायचा, तोवर कागदावरची कड वाळलेली. आकाशातला आडवा पट्टा असा तयार होतो.

लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग कालवा. उरला तर पॅलेटवर वाळू द्या, पुन्हा पाणी लावलं की तो उठतो, कारण जलरंगात रंगद्रव्य धरून ठेवणारा डिंक पाण्यात परत विरघळतो. वाळलेल्या केक कलरवर किंवा पॅलेटवरच्या सुकलेल्या रंगावर काम सुरू करण्याच्या काही मिनिटं आधी स्वच्छ पाण्याचे थेंब टाकून ठेवा. सुक्या वडीवर ब्रश घासून मिळणारा रंग कधीच पुरेसा गडद नसतो, शिवाय ब्रशचं टोक जातं ते वेगळंच.

दाटपणा ओळखायला पॅलेट तिरपं करा. पातळ रंग लगेच धावतो आणि मागे जवळजवळ काही ठेवत नाही : हा आकाशासाठी. मध्यम रंग सावकाश सरकतो आणि मागे रंगाचा थर सोडतो : हा डोंगर आणि झाडीसाठी. दाट रंग जागचा हलत नाही : हा शेवटच्या गडद जागांसाठी, दाराच्या आतल्या काळोखासाठी.

*तपासा :* त्याच कागदाच्या कात्रणावर रंगाचा फटकारा मारून तो वाळू द्या, मग ठरवा. जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत होतं. ओला रंग हवा त्याहून गडद दिसत असेल तरच तो वाळल्यावर बरोबर बसतो. नवशिक्यांची चित्रं फिकट, आजारी दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

४. रेखाटन

एचबी पेन्सिलने हलक्या हाताने, कमी रेषांत काढा. खोडरबर जोरात घासला तर कागदाचा वरचा थर फाटतो आणि त्या जागी रंग गडद साचतो. ते वॉश दिल्यावरच कळतं. जास्त खोडाखोड होणार असेल तर रेखाटन साध्या कागदावर पक्कं करा आणि मग खिडकीच्या काचेवर धरून छापून घ्या.

कुठे कागद कोराच राहणार आहे हे आताच ठरवा. आपल्या चित्रात घराची उन्हातली भिंत. तिथे हलकी खूण करून ठेवा.

५. कागदाच्या ओलीच्या पाच अवस्था

इथे थांबून थोडा वेळ द्या. एका कात्रणावर पाणी फासा, बोर्ड खिडकीकडे धरा, डोळे कागदाच्या पातळीला आणा आणि नुसतं बघत बसा.

आधी पाणी साचलेलं दिसतं. बोर्ड हलवला की हलतं. या अवस्थेत टाकलेला रंग कुठेही वाहत जातो. मग पाणी थोडं मुरतं आणि सगळ्या कागदाला सारखी चकाकी येते. ओल्यावर ओलं काम करायची, म्हणजे मऊ ढग, धुकं, दूरची विरघळणारी झाडी काढायची वेळ ती हीच. त्यानंतर चकाकी मंदावते, कागदाचे खरबरीत कण दिसायला लागतात. आता दाट रंग लावला तर तो थोडाच पसरतो आणि मऊ कड धरतो. चौथ्या अवस्थेत चकाकी पूर्ण गेलेली असते, कागद वाळल्यासारखा दिसतो, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. पाचवी अवस्था पूर्ण कोरडी. हाताला खोलीइतकाच गरम-गार लागतो.

तिसरी आणि चौथी अवस्था धोक्याची. कागद निम्मा वाळत आलेला असताना त्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड असलेला डाग फुलतो. त्याला ब्लूम म्हणतात.

नियम एवढाच : ओल्या कागदावर जाणाऱ्या ब्रशमध्ये कागदापेक्षा पाणी कमी आणि रंग जास्त हवा. कागदापेक्षा ब्रश ओला असेल तर हात मागे घ्या.

*सावधान :* चौथ्या अवस्थेत ब्रश टेकवूच नका. 'एवढंच जरा नीट करतो' म्हणून ब्रश जातो तो नेमका तेव्हाच.

६. आकाश

बोर्डाखाली एखादं पुस्तक सरकवून वरची बाजू थोडी उचला. सपाट ठेवलेल्या बोर्डावर वॉश एकसारखा येत नाही.

सपाट किंवा १२ नंबरचा ब्रश रंगाने पूर्ण भरा. वर डावीकडून उजवीकडे एकच फटकारा मारा. त्याच्या खालच्या कडेला रंगाची ओली धार साचली पाहिजे. ती साचली नाही तर ब्रश कोरडा आहे. पुढचा फटकारा त्या धारेला टेकवून मारा, म्हणजे धार खाली उतरेल. प्रत्येक फटकाऱ्याआधी ब्रश परत भरा. क्षितिजाकडे फिकं करत न्यायचं असेल तर दर वेळी रंगात थोडं स्वच्छ पाणी वाढवत जा. डोंगराच्या रेषेच्या थोडं खाली येऊन थांबा, तिथे नंतर गडद रंग येणारच आहे. घराच्या भिंतीत मात्र शिरू नका.

शेवटी तळाशी साचलेली धार राहते. ब्रश फडक्यात पिळून त्याच्या टोकाने ती टिपून घ्या. ही धार तशीच सोडली तर वाळताना ती उलटी वर चढते आणि आकाशाच्या तळाशी ब्लूम उमटतो. नवशिक्याला तो कुठून आला हेच कळत नाही.

ढग हवे असतील तर कागद चकाकत असतानाच टिशूचा चुरगळलेला बोळा टेकवून उचला. घासू नका, दर वेळी टिशूची स्वच्छ बाजू वापरा.

मधे कुठे रेघ दिसली तरी मागे जाऊ नका. पातळ रेघ वाळल्यावर पुष्कळदा निवळते. दुरुस्त केलेली रेघ कायम राहते.

*हवामानाचं :* मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात कागद बघता बघता वाळतो. तिथे पंखा बंद करा, सकाळी लवकर काम करा आणि वॉशआधी सगळा कागद स्वच्छ पाण्याने एकदा ओला करून घ्या. जुलैत किनारपट्टीवर उलटं होतं, कागद तासभर गार राहतो. हेअर ड्रायर वापरा, पण चकाकी गेल्यावरच आणि हातभर अंतरावरून. साचलेल्या पाण्यावर ड्रायर धरला तर हवा रंगाला ढकलून कडेला गोळा करते.

७. डोंगर आणि झाडी

आकाश पाचव्या अवस्थेत गेलं याची हाताने खात्री करा. डोंगरासाठी अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना. डोंगर जितका दूर तितका निळसर आणि फिका. दोन रांगा असतील तर मागची आधी, ती वाळली की पुढची.

डोंगराची वरची कड आकाशावर ठाम राहू द्या आणि पायथा मात्र विरघळवा. त्यासाठी रंग ओला असतानाच स्वच्छ, पिळून ओलसर ठेवलेला ब्रश रंगाच्या शेजारून फिरवा, रंगाच्या आतून नाही. रंग आपणहून ओल्या जागेकडे सरकतो. सगळ्या कडा ठाम ठेवल्या की चित्र कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं, सगळ्या मऊ ठेवल्या की धूसर होतं.

झाडीचा हिरवा कालवून घ्या. ट्यूबमधला तयार हिरवा तसाच लावला तर तो आपल्याकडच्या आंब्या-फणसाच्या झाडांशी जुळत नाही. लेमन यलो आणि प्रशियन ब्लूचा हिरवा लख्ख होतो, कोवळ्या पालवीला किंवा भातशेतीला चालतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा जरा मवाळ होतो, कारण अल्ट्रामरीनमध्ये तांबूस झाक आहे. त्यात थोडी बर्न्ट सिएना घातली की जून पानांचा, सावलीचा हिरवा मिळतो. झाडाचा एकच आकार समजून उजेडाचा पिवळसर हिरवा आधी लावा, तो चकाकत असतानाच सावलीच्या बाजूला दाट निळसर हिरवा टेकवा आणि सोडून द्या. एक एक पान काढत बसू नका. घेराच्या कडेला ब्रश आडवा धरून, जवळजवळ सुका फिरवला की कागदाच्या खरबरीतपणामुळे पानांचा भास आपोआप होतो.

झाडीच्या मधे आकाशाची दोन-चार भोकं राहू द्या.

८. घर : पांढरं राखायचं, सावली रंगवायची

पांढरी भिंत रंगवायची नसते. तिच्या मागची झाडी गडद केली की भिंत आपोआप उजळते. झाडीचा गडद हिरवा भिंतीच्या कडेपर्यंत नेटका आणून थांबवा.

सावलीतली भिंत करडी नसते. अल्ट्रामरीनचा पातळ रंग, त्यात सिएनाचा स्पर्श. भिंतीच्या खालच्या भागात, रंग ओला असतानाच, यलो ओकरचा थेंब सोडा. अंगणातल्या मातीवरून परतलेला उजेड तिथे पडतो. वळचणीखालची सावली सगळ्यात ठाम हवी आणि ती एकाच फटकाऱ्यात घ्या.

कौलांना बर्न्ट सिएना आणि थोडा व्हर्मिलियन. आधी सगळ्या छपरावर एकच फिका थर, त्यात इथे तिथे ओकर. तो पूर्ण वाळल्यावर कौलांच्या रांगा दाखवणाऱ्या तुटक रेषा, त्याही सगळीकडे नकोत. अर्ध्या छपरावर सुचवल्या तरी पुरतात.

बारीक पांढऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे कुंपणाची काठी किंवा दोरीवरचं धुणं यासाठी मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखणारा रबरासारखा द्रव, वापरता येतं. ते कोरड्या कागदावरच लावा, जुना ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर ब्रश कायमचा जातो. रंग पूर्ण वाळल्यावर बोटाने चोळून काढा. त्यावर ड्रायर मारू नका आणि ते आठवडाभर तसंच ठेवू नका, कागदाला धरून बसतं.

९. रंग मळकट का होतो

तीन कारणं आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिलं, मिश्रणात नकळत तिन्ही मूळ रंग जाणं. जांभळा करायला व्हर्मिलियन आणि निळा घेतला तर तो तपकिरी मळका होतो, कारण व्हर्मिलियनमध्ये पिवळी झाक असते. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्या, स्वच्छ जांभळा येतो. एका मिश्रणात दोन, फार तर तीन रंग.

दुसरं, अर्धवट वाळलेल्या थरावर दुसरा थर. खालचा रंग उठतो आणि वरच्यात कालवला जातो. उपाय फक्त थांबणं.

तिसरं, वाळलेल्या थरावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवणं. वरचा थर मऊ ब्रशने, भरपूर रंग घेऊन, एकदाच लावा. दोनदा फिरवला की खालचा जागा होतो.

१०. दुरुस्ती

चित्र पूर्ण वाळल्यावरच. ओलसर ब्रश डागावर हलके फिरवा, टिशू दाबून उचला, पुन्हा स्वच्छ पाणी, पुन्हा टिशू. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी निघतात. प्रशियन ब्लू आणि थॅलो (नावात 'phthalo' असलेले निळे-हिरवे) रंग कागदात मुरतात, त्यांचा डाग फिका होतो, जात नाही. म्हणून हे रंग लावताना आधीच विचार करा.

ब्लूमची कड ओलसर ब्रशने मऊ करता येते. आकाशात ब्लूम आला असेल तर तो ढगात बदलता येतो का ते आधी पाहा. एखादा बारीक चमकता ठिपका हवा असेल तर कोरड्या कागदावर धारदार पात्याच्या टोकाने खरवडा, पण हे अगदी शेवटी, कारण खरवडलेल्या जागी परत रंग लावला तर तो काळपट शोषला जातो.

११. काम संपल्यावर

चित्र हाताला गार लागायचं थांबेपर्यंत मास्किंग टेप काढू नका. काढताना टेप कागदाच्या बाहेरच्या दिशेने, तिरपी ओढा. फाटायला लागली तर ड्रायरची गरम हवा देऊन मग ओढा.

कागद वाकला असेल तर चित्र स्वच्छ कागदावर पालथं ठेवा, पाठीवर ओलसर स्पंज फिरवा, वर दुसरा स्वच्छ कागद आणि त्यावर बोर्ड ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर राहू द्या. मास्किंग फ्लुइडचा एखादा कण राहून गेला नाही ना हे त्याआधी बोट फिरवून पाहा, तो दाबाखाली चिकटून बसतो.

पॅलेट पुसून लगेच बंद करू नका. पावसाळ्यात तर ते रात्रभर उघडंच राहू द्या. ओला डिंक बंद डब्यात राहिला की त्यावर बुरशी धरते. धरलीच, तर वरचा थर ओल्या फडक्याने पुसून टाका आणि पॅलेट उघडं वाळवून मगच झाकण लावा.